काळी दोन ते पांढरी एक : जिनिंगमधल्या एका रॉक गायकाच्या गळ्याचं प्रकरण

बी.एड.ला असताना आम्हाला एक प्रकरण अभ्यास सक्तीने लिहावा लागायचा. वर्गातलं एक मूल निवडायचं आणि घर, सवयी, अडचण, उपाय अशा रकान्यांत त्याला बसवायचं. मी तेव्हा कुणावर लिहिलं ते आज आठवतही नाही. हे प्रकरण मात्र वर्ष उलटून गेलं तरी डोक्यातून जात नाही. ज्याच्यावर ते ओढवलं तो माणूस माझ्या डाव्या हाताला चार फुटांवर उभा राहून गायचा, आणि त्याच्या दुखण्याचं एक बटण माझ्या बोटाखाली होतं.

मी हिंगणघाट तालुक्यात शिक्षक आहे आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री-बेरात्री एका गाण्याच्या पार्टीत की-बोर्ड वाजवतो. पार्टी म्हणजे आम्ही सात जण: एक गायक, एक गायिका, ढोलक, ऑक्टोपॅड, बँजो, गिटार आणि मी. आमचा मोठा हंगाम ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून १४ एप्रिलची भीमजयंती धरून थेट बुद्धपौर्णिमेपर्यंत. त्यानंतर गणपती, दुर्गा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. अधूनमधून लग्न, वाढदिवस. गायकाचं, गावाचं, पार्टीचं नाव इथे देत नाही. मी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "नाव नोका टाकू सर. गळ्याचं मात्र सगळं लिहा, काही झाकू नोका."

म्हणून झाकत नाही.

माणूस

त्याचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. तोही बारावी अर्धवट सोडून तिथेच लागला. आमच्याकडे दसरा-दिवाळीला कापसाची वेचणी सुरू झाली की जिनिंगचे भोंगे सुरू होतात ते उन्हाळ्यापर्यंत. गंजीवरचा कापूस ओढायचा, रेच्याला, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राला, लावायचा, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, पुढे प्रेसमध्ये गठाण. आतल्या हॉलमध्ये ओळीने रेचे चालतात तेव्हा शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलावं लागतं. हवेत बारीक रुई तरंगत असते. पाळी सुटली की माणसाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, आणि पहिला अर्धा तास तो घरच्यांशीही ओरडूनच बोलतो. त्याच्या बायकोनं मला हे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्याची आठवण म्हणून सांगितलं होतं: "मले वाटे, हे रागावूनच राह्यले."

गाणं त्याच्याकडे दोन वाटांनी आलं. लहानपणी गावच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला तो जायचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन म्हणण्याची जी रीत विदर्भातल्या गावोगाव रुजवली, तिच्यात नाजूक गळ्याचं काम नाही. खंजिरीच्या ठोक्यावर चढून म्हणावं लागतं. दुसरी वाट जयंतीच्या मंचाची. वामनदादा कर्डकांची गाणी त्यानं कुणाकडे बसून शिकलेली नाहीत, ती ऐकून ऐकून पाठ झाली. शास्त्रीय गाणं शिकवणाऱ्या एका गुरुजींनी त्याला दोन महिन्यांत परत पाठवलं, आवाज फाटका आहे म्हणून.

हा फाटका आवाजच पुढे कामी आला. आमचा गिटारवाला तेव्हा अभियांत्रिकीला होता. प्रवासात तो मोबाइलवर परदेशी बँड लावायचा. एका रात्री जाम गावच्या चौकात चहाला थांबलो असताना त्यानं एसी/डीसी या बँडचा व्हिडिओ लावला. डोक्यावर चपटी टोपी घातलेला एक माणूस मानेच्या शिरा ताणून गात होता. आमचा गायक चहा विसरला. म्हणाला, "याचा तं माह्यावानी फाटका आहे बे!"

त्या टोपीवाल्याचं नाव ब्रायन जॉन्सन. गिटारवाल्यानं त्याची कहाणी सांगितली आणि मी नंतर ती नीट वाचून घेतली. जन्म १९४७चा, इंग्लंडच्या उत्तरेला गेट्सहेडजवळच्या डन्स्टनचा. वडील सैन्यात आणि कोळशाच्या खाणीत, आई इटलीची. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, टर्बाइन बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी. जॉर्डी नावाच्या बँडमध्ये गायला लागला, १९७३ साली त्यांचं एक गाणं ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि मग सगळं ओसरलं. तिशीत तो गाड्यांना काचा आणि व्हिनाइलची छतं बसवून पोट भरत होता. १९ फेब्रुवारी १९८० रोजी एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट वयाच्या ३३व्या वर्षी वारला, आणि त्या जागेसाठी या ३२ वर्षांच्या छत बसवणाऱ्याला बोलावणं आलं. त्याच वर्षी २५ जुलैला त्याच्या आवाजातला पहिला अल्बम निघाला. जगात सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांत आजही त्याची गणना होते.

गायकानं एकच प्रश्न विचारला होता: "गाडीची छतं बसवून रायला होता? आन् मंग बोलावलं?" खाण म्हटल्यावर त्याला वणी-घुग्घूस आठवलं, कारखाना म्हटल्यावर आपला रेचा. इंग्रजी त्याला येत नाही. त्यानं इसाराच्या, म्हणजे कार्यक्रमांच्या आगाऊ रकमेच्या, वहीच्या मागच्या पानांवर इंग्रजी गाण्यांचे उच्चार देवनागरीत उतरवले आणि अर्थ न कळता म्हणून पाहिले. महिनाभरात ते सोडलं आणि स्वतःचं लिहिलं. दोनच ओळी सांगतो:

रुई गेली शहराले, सरकी रायली आमाले;
घाम पडला कापसावर, त्याचं वजन कोनाले?

गिटारवर दोन कॉर्ड, ऑक्टोपॅडवर सरळ ठोका, आणि शेवटी 'कोनाले'चा 'ले' वर नेऊन धरून ठेवायचा. जयंतीच्या कार्यक्रमात शेवटचा अर्धा तास उरला की पोरं 'रेच्यावालं म्हण, रेच्यावालं' ओरडायची. तो 'ले' जितका वर आणि जितका लांब, तितक्या नोटा मंचावर. याला रॉक म्हणायचं की नाही यावर जाणकारांनी वाद घालावा. मी वाजवत होतो, मला शंका नाही.

कमाई सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिनिंगचा रोज आणि कार्यक्रमाचे त्याच्या वाट्याचे हजार-बाराशे. कार्यक्रम ठरला की मंडळ इसार देतं, तो वहीत लिहायचा आणि बहुतेक त्याच आठवड्यात घरात खर्च व्हायचा. एका हिवाळ्यात तो वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या नाटकांत गायला गेला होता. पैसे बरे होते, पण नाटक रात्रभर पहाटेपर्यंत, धुक्यात, मोकळ्या मैदानात. दोन महिन्यांत परतला. फार मोठं व्हायचं त्याच्या मनात कधी नव्हतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि घराला स्लॅब, एवढे दोन हिशेब तो मांडायचा.

बटण

आता माझ्या बोटाखालचं बटण. की-बोर्डवर ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की वाजवणाऱ्याची बोटं तीच राहतात आणि सगळी पट्टी अर्ध्या सुरानं वर किंवा खाली सरकते. मी पार्टीत आलो तेव्हा गायकाचा सा, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पांढरी एकवर होता. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन ही पेटीच्या पट्ट्यांची नावं, प्रत्येक आधीच्या पट्टीहून अर्धा सूर वर. पहिल्या हंगामात कुणीतरी म्हणालं, शेजारच्या गावची पार्टी चढून गाते. मी एकदा बटण दाबलं, काळी एक. पुढच्या वर्षी पांढरी दोन. त्याच्या पुढच्या वर्षी काळी दोन. प्रत्येक वेळी त्याला विचारलं होतं, त्यानं प्रत्येक वेळी हाव म्हटलं होतं. वाजवणाऱ्याला यात काडीचा त्रास नाही.

गळ्याला काय होतं ते मला नंतर कळलं. घशात स्वरयंत्रात दोन लहान पडदे असतात, गाताना ते एकमेकांवर आपटतात, आणि सूर जितका वर तितकं आपटणं वाढतं. सा पांढरी एकवर असला तर तार सप्तकातल्या पंचमाला हे पडदे सेकंदाला ३९२ वेळा भिडतात. सा काळी दोनवर नेला की तोच पंचम ४६६वर जातो. रेच्यावाल्या गाण्यातला 'ले' नेमका तिथे होता. सेकंदाला चौऱ्याहत्तर जास्तीच्या थपडा मी तीन वर्षांत, एकेक बटण दाबून, त्याच्या गळ्यात घातल्या.

हे एकट्या बटणाचं काम नव्हतं. तो कार्यक्रमाला यायचा तोच पाळी संपवून. घसा रुईनं कोरडा आणि कान दिवसभराच्या घरघरीनं बधिर झालेले. त्यात मंचावर आमचे सगळे साउंड बॉक्स लोकांकडे तोंड करून. ऑक्टोपॅड त्याच्या पाठीला लागून. आणि वेळेची ओढाताण: ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, फार तर वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण आमच्याकडे भाषणं लांबतात, गाणं साडेआठ-नऊला सुरू होतं, आणि मग गायकाला पाणी प्यायचीही उसंत न देता गाण्यामागून गाणं रेटलं जातं.

तीन दिवस

त्या वर्षी ११ एप्रिलला एका गावात कार्यक्रम होता. जिनिंगचा हंगाम संपत आलेला, पण शेवटच्या गंज्या उरकायच्या म्हणून तो दुपारी चारपर्यंत कामावर होता. रेच्यावाल्या गाण्याच्या शेवटी त्यानं 'ले' उचलला आणि मधेच आवाज तुटला. खोकला आला नाही, दुखलं नाही. नुसता सूर गेला, जसा ताणलेला दोरा जातो. लोकांना वाटलं मुद्दाम सोडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी त्याचा फोन आला. एका गळ्यातून दोन आवाज येत होते, एक जाड आणि त्याच्या बाजूनं एक बारीक.

इथे सगळं फिरतं, म्हणून १२ आणि १३ एप्रिलला काय काय झालं ते नीट लिहितो. वहीत १३च्या रात्रीचा, १४चा आणि पुढे आणखी सहा कार्यक्रमांचे इसार लिहिलेले. पार्टीच्या मालकानं गाडी आणि जनरेटर ठरवून ठेवलेला. मंडळाच्या पोरांनी घरोघर वर्गणी केलेली. १३च्या मध्यरात्री बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे गायचं नाही, ही गोष्ट त्याच्या मनातही येत नव्हती. हा व्यवहाराच्या पलीकडचा भाग आहे. वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून ज्या मंचापुढे नेलं त्याच मंचावर तो उभा राहायचा.

आईनं ज्येष्ठमध दिलं, आल्याचा रस दिला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं रियाज कमी पडला. हा दुसरा शेरा मला आजही टोचतो. रेच्यावर दहा तास काढलेल्या माणसाला रियाज कमी पडला म्हणणाऱ्यानं एकदा त्या हॉलमध्ये उभं राहून यावं. तो दिवसभर कुजबुजत बोलत होता, गळ्याला आराम म्हणून. कुजबुजण्यानंही पडद्यांवर ताण येतो हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं, आवाज 'उघडण्याचं'. मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो.

आणि आवाज उघडला. १३च्या संध्याकाळी त्यानं मला गाऊन दाखवलं आणि आम्ही दोघंही हसलो. नंतर कानाघशाच्या डॉक्टरांनी मला शांतपणे समजावून सांगितलं ते असं: ११ तारखेला पडद्यातली एक बारीक रक्तवाहिनी फुटली असावी. अशा वेळी दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. पडद्यात रक्त उतरलेलं असताना एकच उपाय असतो, पूर्ण मौन. आपण घेतलेल्या इंजेक्शनानं सूज उतरली, आवाज आला, आणि फुटलेल्या जागेवरच आपण पुन्हा आपटायला लागलो. सुजेनं जे दार लावून घेतलं होतं ते आम्ही ढकलून उघडलं होतं.

१३च्या रात्री तो दोन तास गायला. बाराचे ठोके पडले तेव्हा जयघोष झाला, तो त्यात होता. १४च्या सकाळी गळ्यातून नुसती हवा निघत होती.

निदान

त्यानंतरचा महिना मी दोन वाक्यांत संपवतो. उरलेले सगळे कार्यक्रम गायिकेनं आणि वर्ध्याहून बोलावलेल्या एका पोरानं केले. दोन मंडळांनी इसार सोडून दिला, एकानं परत मागितला आणि तो व्याजानं काढून दिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दुर्बीण घालून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे पोचलो.

तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर गळ्यातलं चित्र मी पाहिलं. पांढऱ्या दोन पट्ट्या, आणि डाव्या पट्टीच्या काठावर लालसर थेंब लटकल्यासारखा. पॉलिप. तो थेंब मधे येतो म्हणून पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, हवा गळते. आणि दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या चालीनं हलतात, म्हणून सुरुवातीला दोन आवाज. डॉक्टरांनी कानही तपासायला लावले. ते आम्हाला अनपेक्षित होतं. कागदावर आलेख निघाला त्यात ४००० हर्ट्झपाशी खड्डा होता, दोन्ही कानांत. मोठ्या आवाजानं दुखावलेल्या कानाची ती ओळखीची खूण. डॉक्टरांनी हिशेब सांगितला: ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हे कानाचं एका दिवसाचं भांडं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत भांडं भरलं. त्याचं भांडं पाळी सुटण्याआधीच भरत असणार, आणि वरून आमचा कार्यक्रम.

परतताना बसमध्ये त्यानं वहीवर लिहून दाखवलं, कारण बोलायचं नव्हतं: 'तो टोपीवाला पन बहिरा झाला होता ना?'

झाला होता, जवळजवळ. मार्च २०१६ मध्ये एसी/डीसीनं अमेरिकेचे कार्यक्रम पुढे ढकलले, कारण डॉक्टरांनी जॉन्सनला बजावलं होतं की दौरा थांबवा, नाहीतर ऐकू येणं कायमचं जाईल. उरलेला दौरा दुसऱ्या बँडचा गायक ॲक्सल रोझ गायला. जॉन्सननं स्वतः दोष मोटार शर्यतींना जास्त दिला. एकदा कानात बोळे न घालता तो शर्यतीला बसला होता. पुढे कानात बसवायच्या एका नव्या तंत्राच्या आधारानं तो परतला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या आवाजात नवा अल्बम आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये, ७६व्या वर्षी, तो कॅलिफोर्नियातल्या इंडिओच्या मंचावर उभा राहिला. मी हे सगळं बसमध्ये मोबाइलवर वाचून दाखवलं. त्यानं वहीवर लिहिलं: 'सात वर्ष.' मग खोडून: 'त्याच्यापाशी पैसे होते.'

खरं होतं. मी काही बोललो नाही.

ऑपरेशन तोंडातूनच झालं, बाहेर टाका नाही. नंतर सात दिवस पूर्ण मौन. घरात दोन लहान मुली, दोघीही बापाचं पाहून हळू बोलायला लागल्या. शाळेत बाईंनी विचारलं, काय झालं गं तुम्हाला? आठव्या दिवसापासून वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी एक व्यायाम दिला. ग्लासात पाणी, त्यात नळी, आणि नळीतून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचं, खाली-वर. ओठापाशी हवा अडते, तिचा मागे दाब बसतो आणि पडदे एकमेकांवर आदळण्याऐवजी नुसते टेकतात. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून तो हे करायचा. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आपल्या नातवाला तेच करायला बसवलं.

कानावरचा हात

गणपतीत पार्टीचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा तो गाऊ शकत नव्हता, पण घरी बसवेना. मालकानं त्याला साउंड मिक्सरवर बसवलं, कानात बोळे घालायला लावून. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो लोकांच्या बाजूला बसून मंचाकडे पाहत होता. वर्ध्याचा पोरगा गात होता. दुसऱ्याच गाण्यात यानं मला खूण केली आणि मध्यंतरात येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, हा पोट्टा कानावर हात ठेवून गाऊन राह्यला. पाह्यलं का?"

मी पाहिलं होतं, शेकडो वेळा. यालाही तसंच गाताना पाहिलं होतं. सगळेच गायक ठेवतात, तो रिवाज आहे असंच मी धरून चाललो होतो.

"त्याले सोताचं आयकूच येत नाई सर. म्हणून बोंबलून राह्यला. मी बी तसाच बोंबललो."

याला शास्त्रात नाव आहे. गोंगाटात माणूस आपोआप, न कळत, आवाज चढवतो हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली मांडलं, आणि ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. पण आमच्या पार्टीत ते शोधलं एका मुक्या बसवलेल्या गायकानं, मंडपात खुर्चीवर बसून. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. डॉक्टरांनी गळा दुरुस्त केला. गळा का बिघडला याचं मंचावरचं कारण त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी हेरलं.

उपाय साडेसहा हजारांचा निघाला. नागपुरातून जुना मॉनिटर बॉक्स आणला, गायकाच्या पायाशी तिरपा ठेवून त्याच्याकडे तोंड केलेला, त्यात फक्त त्याचाच आवाज. ऑक्टोपॅडचा बॉक्स त्याच्या पाठीमागून उचलून कडेला नेला. मालकानं कुरकुर केली: लोकांना ऐकू न येणाऱ्या बॉक्सवर पैसे कशाला? सगळ्यांनी मिळून दिले. पहिल्या रात्री वर्ध्याचा पोरगा कार्यक्रम संपल्यावर म्हणाला की आज पाणी कमी लागलं.

परत

दिवाळीनंतर ताईंनी गायला परवानगी दिली, अर्धा तास. आम्ही त्याच्या घरी बसलो. मी की-बोर्ड उघडला आणि त्याच्यासमोर ट्रान्सपोज तीन घरं खाली आणलं, पांढरी एक. त्यानं रेच्यावालं गाणं म्हटलं. 'ले' आला, पण खाली, आणि पूर्वीसारखा लांब नाही. खरखर होती. ताईंनी आधीच सांगितलं होतं की खरखर दोन तऱ्हेची असते. एक सुजलेल्या पडद्यांची, ती दुखणं आहे. दुसरी पडद्यांच्या वर, हवेचा दाब सांभाळून काढलेली. रॉक गाणारे बरेच जण तीच वापरतात. त्याला आता ही दुसरी शिकावी लागतेय, आणि ती जुन्या फाटक्या आवाजाहून वेगळी लागते. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पह्यलेसारखा नाई. पण चांगला आहे." हे दोन्ही खरं आहे.

लोकांचं म्हणाल तर मिश्र. एका मंडळानं या वर्षी दुसरी पार्टी घेतली. त्यांना तो वरचा सूर हवा होता. भाव थोडा उतरला आहे. गिटारवाला शिक्षण संपवून पुण्याला नोकरीला गेला, त्याच्या जागी बँजोवाल्याचा पुतण्या शिकतोय आणि अजून दुसऱ्या कॉर्डला अडखळतो. रेच्यावालं गाणं आम्ही आता शेवटी घेत नाही, मध्यावर घेतो, गळा तापलेला पण थकलेला नसतो तेव्हा. त्याच्यानंतर गायिकेची दोन गाणी. तेवढ्या वेळात तो खाली बसतो, पाणी पितो, बोलत नाही. बोलायला आलेल्या मंडळींना मी अडवतो. त्यावरून एका सरपंचांना राग आला होता.

जिनिंगचा प्रश्न सुटलेला नाही. ठेकेदारानं त्याला हॉलमधून काढून वजनकाट्यावर द्यायचं कबूल केलं, आणि नोव्हेंबरात पहिले पंधरा दिवस दिलंही. मग माणसं कमी पडली आणि तो पुन्हा रेच्यावर आला. तो ओला दुपट्टा नाकातोंडाला बांधतो, कानात बोळे घालतो. बाकीचे हसायचे. आता तिघं जण बोळे मागून घेतात. यंत्रात बोट गेलं तर भरपाईची भाषा तरी निघते. पण रुईनं आणि घरघरीनं गेलेल्या आवाजाला, कानाला अपघात म्हणायला जिनिंगमध्ये कुणी तयार नाही, मंडळात नाही, आणि मीही त्या जूनच्या तपासणीपर्यंत म्हटलं नव्हतं.

परवा इसाराची वही पाहिली, पुढच्या एप्रिलची. मागच्या पानांवर इंग्रजी गाण्यांचे ते देवनागरी उच्चार अजून आहेत, आणि बसमध्ये खोडलेलं 'सात वर्ष'ही. पुढच्या पानांवर तारखा. १३ची रात्र भरलेली आहे, १४ भरलेली आहे. १२, १५ आणि १८ या तीन तारखांपुढे गावाचं नाव नाही, रक्कम नाही. १५ला दोन मंडळं विचारून गेली, मालक अजून नाराज आहे. त्या तिन्ही रकान्यांत त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'गळा'.